यूजरच्या मजकुरातले एचटीएमएल टॅग रेजेक्सने काढताना मजकूरच गायब होतोय

गोदाकाठ_पीएचपी

नमस्कार मंडळी. नाशिक जिल्ह्यातल्या शेतमालाच्या जाहिरातींची साइट आहे. द्राक्ष, कांदा, डाळिंब, बेदाणा असा माल. 'तपशील' या चौकटीत शेतकरी हवं ते लिहितो. वेबवर रिच टेक्स्ट एडिटर आहे, मोबाइल ॲपमध्ये साधी टेक्स्टची चौकट. दोन्हीकडचा मजकूर जसाच्या तसा एकाच कॉलममध्ये साठतो. पानावर दाखवताना आणि एसएमएस पाठवताना आधी एंटिटी (खास चिन्हांची सांकेतिक रूपं) डीकोड होतात आणि मग हा रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधणारं सूत्र) चालतो:

`<.*?>` (जे सापडेल त्याच्या जागी रिकामी स्ट्रिंग)

यातून तीन प्रकार दिसताहेत.

"थॉमसन, मण्याचा आकार <१६ मिमी अजिबात नाही, साखर >१८ ब्रिक्स" असं लिहिलं की पानावर "थॉमसन, मण्याचा आकार १८ ब्रिक्स" येतं. अर्थच बदलतो.

वर्डमधून पेस्ट केलेल्या जाहिरातींच्या सुरुवातीला "नॉर्मल ० फॉल्स फॉल्स फॉल्स" अशी ओळ राहते (मूळ इंग्रजी अक्षरांत).

यादी दिली असेल तर गावं चिकटतात: "निफाडओझरदिंडोरी".

पीएचपी ८.१, मायएसक्यूएल ८, शेअर्ड होस्टिंग. नेमका रेजेक्स कोणता लावावा? की स्ट्रिप_टॅग्ज (टॅग काढणारं पीएचपीचं तयार फंक्शन) वापरू? (टॅगची आणि फंक्शनची नावं देवनागरीत लिहिली आहेत, कारण इथला एडिटर खरे टॅग खाऊन टाकतो. प्रत्यक्षात ती लॅटिन लिपीतच आहेत.)

---

म्हसरूळ_बॅकएंड

रेजेक्स कितीही बदलला तरी हे सुटणार नाही, कारण बिघाड त्याच्या आधीच्या पायरीत आहे. तुमच्या कॉलममध्ये दोन वेगळ्या भाषांतला मजकूर आहे. ॲपकडून येतो तो साधा मजकूर: त्यात `<` म्हणजे 'पेक्षा कमी', बाकी काही नाही. वेबच्या एडिटरकडून येतं ते एचटीएमएल: तिथे शेतकऱ्याने `<` टाइप केलं तर एडिटर ते `&एलटी;` करून पाठवतो आणि खरा `<` फक्त टॅगसाठी असतो. रेजेक्सला नुसती स्ट्रिंग दिसते. ती कोणत्या भाषेतली आहे हे त्याला कधीच कळत नाही.

त्यात तुमचा क्रमही उलटा आहे. आधी डीकोड केल्यामुळे वेबवरून नीट आलेलं `&एलटी;१६`सुद्धा `<१६` होतं आणि मग रेजेक्स ते खातो. म्हणजे ज्या मजकुरात कसलीच अडचण नव्हती तोही बिघडतो. क्रम असा हवा: आधी टॅग वेगळे करायचे, एंटिटी सगळ्यात शेवटी उलगडायच्या. आणि उलगडल्यावर हाती आलेला मजकूर 'साधा मजकूर' म्हणूनच वागवायचा, पानावर जाताना पुन्हा एस्केप करायचा (खास चिन्हं एंटिटीत बदलायची). नाहीतर कोणी `&एलटी;स्क्रिप्ट&जीटी;` लिहून ठेवलं तर गाळणीतून ते निरुपद्रवी म्हणून सुटतं आणि डीकोड होऊन जिवंत टॅग होतं.

ॲपच्या मजकुराला टॅग काढण्याची गरजच नाही. तो साठवा तसाच, आणि दाखवताना एचटीएमएल-स्पेशल-कॅरेक्टर्स फंक्शनमधून काढा. बस. `<१६` जसं लिहिलं तसं दिसेल, आणि कोणी स्क्रिप्ट लिहिली तर तीही अक्षरं म्हणून दिसेल, चालणार नाही. पीएचपी ८.१ पासून हे फंक्शन एकेरी अवतरणचिन्हही आपोआप एस्केप करतं. त्याआधी फक्त दुहेरी व्हायचं, म्हणून जुन्या सर्व्हरवर एंट-क्वोट्स फ्लॅग द्यायला विसरू नका.

आता वर्डचं. वर्ड पेस्ट करताना `<!--[इफ जीटीई एमएसओ ९]>` अशी सुरुवात असलेली एक मोठी कॉमेंट येते आणि तिच्या पोटात एक्सएमएल असतं: व्ह्यू म्हणजे नॉर्मल, झूम म्हणजे ०, मग फॉल्सची रांग. ब्राउझरच्या दृष्टीने ही सगळी एकच कॉमेंट, थेट `-->` पर्यंत. तुमचा रेजेक्स पहिल्याच `>` पाशी थांबतो, त्यामुळे कॉमेंटचं फक्त तोंड कापलं जातं आणि पोटातले शब्द बाहेर सांडतात. स्टाइल आणि स्क्रिप्ट टॅगचंही तेच: टॅग जातो, आतला कोड वाचकासमोर येतो.

गावं चिकटण्याचं कारण साधं आहे. एलआय, पी, डिव्ह, बीआर, टीडी हे टॅग ब्राउझरमध्ये ओळ किंवा अंतर देतात. ते रिकाम्या स्ट्रिंगने बदलले की अंतरही गेलं. पण सगळ्याच टॅगच्या जागी स्पेस टाकू नका. कोणी एका शब्दातलं पहिलंच अक्षर ठळक केलं असेल तर शब्द मधोमध तुटेल.

स्ट्रिप_टॅग्ज तुमच्या मजकुरावर आणखी वाईट वागेल. `<` च्या पुढे स्पेस असेल तर ते सोडून देतं, पण `<१६` असं चिकटून लिहिलं आणि पुढे कुठेच `>` नसेल, तर तिथून शेवटपर्यंतचा सगळा मजकूर उडवतं. शेतकरी स्पेस देईल की नाही यावर जाहिरात अवलंबून ठेवता येत नाही.

---

आडगाव_नाका

वरचं सगळं बरोबर. मी सुरक्षेचं बोलतो, कारण हा रेजेक्स आत्ता चालू साइटवर आहे.

`<.*?>` ला जुळायला `>` लागतो. ब्राउझरला तो तिथेच असण्याची गरज नाही. कोणी तपशिलात असं लिहिलं:

`<इमेज सोर्स=क्ष ऑनएरर=काहीही()` (शेवटी स्पेस, `>` नाही)

तर रेजेक्सला काहीच सापडत नाही, मजकूर जसाच्या तसा पानात जातो. त्याच्या पुढे तुमच्या टेम्प्लेटचा `</डिव्ह>` असतोच. ब्राउझर त्यातलाच `>` उचलून इमेज टॅग बंद करतो, चित्र सापडत नाही आणि ऑनएररमधला कोड चालतो. जाहिरात उघडणाऱ्या प्रत्येकाच्या लॉगिनसह.

दुसरं भोक नवीन ओळीचं. रेजेक्सला एस फ्लॅग नसेल तर डॉट (कोणतंही एक चिन्ह) नवीन ओळ ओलांडत नाही. टॅगचं नाव आणि गुणधर्म यांच्यामध्ये एंटर मारला की टॅग सुटला, ब्राउझरला मात्र तो पूर्ण मान्य आहे.

तिसरं अवतरणातल्या `>` चं. `<इमेज ऑल्ट="अ > ब" ...>` यात ब्राउझरच्या लेखी पहिला `>` हा मजकूर आहे, रेजेक्सच्या लेखी टॅगचा शेवट. उरलेलं शेपूट पानावर येतं.

यावर लोक `<[^<>]*>` सुचवतात. तो `<स्क्र<बी>िप्ट>` वर चालवून बघा: आतला `<बी>` निघतो आणि दोन्ही तुकडे जुळून नवा स्क्रिप्ट टॅग तयार होतो. मग बदल थांबेपर्यंत लूप फिरवावा लागतो, आणि तरीही वरची न बंद झालेल्या टॅगची वाट उघडीच राहते. याउलट `<[^>]*>` त्या स्ट्रिंगमधून `<स्क्र<बी>` एकत्र उचलतो, म्हणून टॅग जुळत नाही. एका चिन्हाच्या फरकाने वागणं एवढं बदलत असेल, तर ती गोष्ट सुरक्षेची भिंत म्हणून वापरायची नाही.

म्हणून 'मजकूर वाचनीय करणं' आणि 'पान सुरक्षित ठेवणं' ही दोन कामं वेगळी ठेवा. सुरक्षितता येते ती दाखवतानाच्या एस्केपिंगने. ठळक अक्षरं, याद्या टिकवायच्या असतील तर एचटीएमएल प्युरिफायर (परवानगी नसलेले टॅग गाळणारी पीएचपी लायब्ररी) लावा आणि परवानगीची यादी आखूड ठेवा: पी, बीआर, बी, स्ट्राँग, यूएल, ओएल, एलआय. गुणधर्म एकही नाही. स्ट्रिप_टॅग्जला परवानगीची यादी देता येते खरी, पण परवानगी दिलेल्या टॅगचे गुणधर्म ते तपासत नाही. बी टॅग ठेवलात की त्यावरचा ऑनमाउसओव्हरही राहतो.

तोपर्यंत आज संध्याकाळच्या आत निदान एवढं करा: रेजेक्सचा निकाल एचटीएमएल-स्पेशल-कॅरेक्टर्समधून काढूनच छापा. थोडा कुरूप दिसेल, पण भोक बंद होईल.

---

गोदाकाठ_पीएचपी

एस्केपिंग लगेच चढवलं. धन्यवाद दोघांना. मजकूर साधा की एचटीएमएल, हे सांगणारा स्वरूपाचा वेगळा कॉलम करतो. आता वेबवरून येणाऱ्या एचटीएमएलपासून एसएमएससाठी साधा मजकूर करायचा आहे. डॉम-डॉक्युमेंट (पीएचपीचा पार्सर, म्हणजे एचटीएमएल वाचून त्याची रचना उलगडणारा भाग) वापरून पाहिलं तर सगळं मराठी जाऊन युरोपीय अक्षरांचा कचरा येतो. आणि कॉलममध्ये आधीपासून असलेल्या हजारो जाहिरातींचं काय?

---

म्हसरूळ_बॅकएंड

कचरा येतो कारण डॉम-डॉक्युमेंटच्या लोड-एचटीएमएलला एन्कोडिंग सांगितलं नाही तर ते आयएसओ-८८५९-१ धरतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं, त्या प्रत्येक बाइटचं एकेक युरोपीय अक्षर होतं. तुमचा तुकडा एका पूर्ण पानात गुंडाळा आणि हेडमध्ये चारसेट यूटीएफ-८ सांगणारा मेटा टॅग द्या. इंटरनेटवर एमबी-कन्व्हर्ट-एन्कोडिंगला 'एचटीएमएल-एंटिटीज' देण्याचा जुना उपाय सापडेल. तो पीएचपी ८.२ पासून डेप्रिकेटेड (पुढे काढला जाणार) आहे, नव्या कोडमध्ये घेऊ नका.

पार्सरकडे देण्याआधी एकच रेजेक्स चालवा, आणि इथे त्याची जागा खरोखर आहे. एचटीएमएलच्या नियमानुसार `<` च्या लगेच पुढे लॅटिन अक्षर, `/`, `!` किंवा `?` असेल तरच टॅग किंवा कॉमेंटची सुरुवात होऊ शकते. आकडा, स्पेस, देवनागरी अक्षर यापैकी काहीही असेल तर तो नुसता मजकूर. म्हणून 'पुढे या चारपैकी काही नाही असा `<`' निगेटिव्ह लुकअहेडने शोधा आणि त्याचं `&एलटी;` करा. ब्राउझर हे स्वतःच करतो. डॉम-डॉक्युमेंटच्या खालची लिबएक्सएमएल२ लायब्ररी मात्र आवृत्तीनुसार वेगळी वागते, आणि शेअर्ड होस्टिंगवर ती आवृत्ती तुमच्या हातात नसते.

पार्स झाल्यावर स्क्रिप्ट आणि स्टाइलचे नोड काढून टाका. इथे एक खाच आहे: गेट-एलिमेंट्स-बाय-टॅगनेम जी यादी देतं ती जिवंत असते. पुढून काढत गेलात की यादी सरकते आणि एक सोडून एक नोड राहतो. आधी इटरेटर-टू-ॲरेने तिची प्रत करा किंवा मागून पुढे या. कॉमेंट वेगळ्या काढायला नकोत, टेक्स्ट-कंटेंटमध्ये त्या येतच नाहीत. वर्डचं 'नॉर्मल ० फॉल्स' तिथेच संपतं.

मग बीआरच्या जागी नवीन ओळीचा टेक्स्ट नोड, आणि पी, डिव्ह, एलआय, टीआर, एच१ ते एच६ यांच्या शेवटी एक नवीन ओळ जोडा. टीडीच्या शेवटी स्पेस पुरे. त्यानंतर बॉडीचं टेक्स्ट-कंटेंट घ्या. एंटिटी तोपर्यंत पार्सरने उलगडलेल्या असतात, स्वतः पुन्हा डीकोड करू नका. दोनदा डीकोड केलं तर `&एएमपी;एलटी;` चं `<` होतं, जे लिहिणाऱ्याने लिहिलंच नव्हतं. शेवटी सलग स्पेसची एक स्पेस, सलग दोनपेक्षा जास्त नवीन ओळींच्या दोन.

लोड-एचटीएमएल तुटक्या मार्कअपवर वॉर्निंगांचा पाऊस पाडतं. आधी लिबएक्सएमएलचे अंतर्गत एरर चालू करा आणि काम झाल्यावर ती यादी साफ करा, नाहीतर लांब चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मेमरी फुगत जाते. पुढे कधी पीएचपी ८.४ वर गेलात तर तिथे डॉम नेमस्पेसमध्ये खरा एचटीएमएल५ पार्सर आहे, तेव्हा ही बरीच कसरत सुटेल.

जुन्या जाहिरातींसाठी: मूळ मजकूर साठवलेला आहे म्हणून काम सोपं आहे, त्या कॉलमला हात लावू नका. शेजारी दोन कॉलम घ्या, एक स्वरूपाचा आणि एक तयार साध्या मजकुराचा. नोंद ॲपमधून झाली की वेबवरून, हे कुठे साठलं असेल तर तेच प्रमाण माना. नसेल तर पी, डिव्ह, स्पॅन, एलआय यांपैकी बंद होणारा टॅग किंवा बीआर असेल तर एचटीएमएल. ज्यात `<` आहे पण यातलं काही नाही तो साधा मजकूर. `<` नाही पण `&एएमपी;` किंवा `&एनबीएसपी;` दिसतंय, अशा नोंदी बाजूला काढून डोळ्याने बघा. त्या फार नसतात, आणि नियम लिहीत बसण्यापेक्षा वाचणं लवकर होतं.

---

अर्धा_र

मराठीपुरत्या चार गोष्टी राहिल्या. साफसफाईच्या नावाखाली सगळ्यात जास्त मोडतोड इथेच होते.

'अदृश्य अक्षरं काढा' म्हणून युनिकोड २००बी ते २००डी हा पट्टा उडवणारा रेजेक्स सगळीकडे कॉपी होतो. त्यातला २००डी म्हणजे झिरो विड्थ जॉइनर. पुष्कळ कीबोर्ड 'शेतकर्‍यांना' मधला अर्धा र त्याच्याच जोरावर लिहितात. तो काढला की "शेतकर्यांना" उरतं, र उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. २००बी काढा, २००सी आणि २००डी ला हात लावू नका. एकसारखेपणा हवा असेल तर 'र, हलंत, २००डी' या क्रमाच्या जागी 'ऱ, हलंत' घाला. शोधही सुधारेल, कारण दोन्ही लिखाणं दिसतात एक पण जुळत नाहीत.

'शब्दातली अक्षरं आणि स्पेस सोडून सगळं काढा' असं म्हणत बॅकस्लॅश-डब्ल्यू वापरू नका. पायथनच्या रे मॉड्यूलमध्ये आणि पीसीआरईच्या (पीएचपीच्या रेजेक्स इंजिनाच्या) बऱ्याच आवृत्त्यांत मात्रा त्या गटात धरलेल्या नाहीत. "नाशिक" चं "नशक" होतं. अक्षर, चिन्ह आणि अंक असे तिन्ही युनिकोड वर्ग (पी-एल, पी-एम, पी-एन) स्पष्ट लिहा.

`&एनबीएसपी;` उलगडलं की युनिकोड ००ए० ची स्पेस मिळते, आणि पीएचपीचं ट्रिम ती काढत नाही. मग लोक ट्रिमच्या दुसऱ्या पॅरामीटरमध्ये ती स्पेस देतात. ट्रिम बाइटवर चालतं, म्हणजे सी२ आणि ए० हे दोन सुटे बाइट तो टोकांवरून कापतो. 'ठ' चे यूटीएफ-८ बाइट ई०, ए४, ए०. मजकूर "पेठ" या गावावर संपला की ठ चा शेवटचा बाइट कापला जातो आणि स्ट्रिंग अवैध होते. त्यानंतर यू फ्लॅगचा कोणताही प्रेग-रिप्लेस त्या स्ट्रिंगवर नल परत करतो आणि अख्खी जाहिरात रिकामी दिसते. पेठ तालुक्याच्या जाहिराती रिकाम्या आणि बाकीच्या ठीक, असं दिसलं तर इथे बघा. यू फ्लॅग लावलेल्या रेजेक्सने ती स्पेस आधी साध्या स्पेसमध्ये बदला, मग ट्रिम. आणि प्रेग-रिप्लेसचा निकाल नल आहे का हे प्रत्येक वेळी तपासा. कारण प्रेग-लास्ट-एरर-मेसेजमध्ये मिळतं.

एसएमएस: देवनागरीत एका संदेशात ७० चिन्हं, जोडसंदेश झाला की प्रत्येक भागात ६७. मात्रा आणि हलंत वेगळे मोजले जातात. "नाशिक" म्हणजे ५, "द्राक्षे" म्हणजे ८. मजकूर कापायला सबस्ट्र वापरला तर अक्षर बाइटच्या मधोमध तुटतं, एमबी-सबस्ट्र वापरला तर मात्रा मागच्या अक्षरापासून सुटू शकते. पीएचपीचं इंटल एक्स्टेन्शन असेल तर ग्राफीम-सबस्ट्र घ्या. पण ते दिसणारी अक्षरं मोजतं आणि एसएमएसचा हिशेब चिन्हांचा आहे, म्हणून एकेक अक्षर जोडत लांबी एमबी-स्ट्रलेनने तपासा.

---

फ्रंटएंड_सातपूर

वेबवर प्रीव्ह्यू दाखवत असाल तर एक भर. टॅग काढण्यासाठी 'नवा डिव्ह बनवा, त्याच्या इनर-एचटीएमएलमध्ये मजकूर टाका, टेक्स्ट-कंटेंट वाचा' ही युक्ती सुरक्षित नाही. डिव्ह पानाला जोडलेला नसला तरी आतली इमेज लोड व्हायला लागते आणि ऑनएरर चालतं. डॉम-पार्सरचं पार्स-फ्रॉम-स्ट्रिंग वापरा. त्याच्या डॉक्युमेंटमध्ये स्क्रिप्ट आणि असे हँडलर चालत नाहीत. फॉरमॅटिंगसह दाखवायचं असेल तर डॉम-प्युरिफाय ही जावास्क्रिप्ट लायब्ररी. पण ब्राउझरमधली सफाई फक्त प्रीव्ह्यूपुरती. सर्व्हरला कोणीही ब्राउझरशिवाय थेट रिक्वेस्ट पाठवू शकतं.

---

गोदाकाठ_पीएचपी

डॉम-डॉक्युमेंट मेटा टॅगसह नीट चाललं, गावं सुटी झाली, वर्डची ओळ गेली. `<१६` दोन्हीकडे दिसतंय. प्रीव्ह्यूत इनर-एचटीएमएलच होतं, ते बदलतो. एक शंका: प्युरिफायर प्रत्येक वेळी पान दाखवताना चालवायचा का?

---

म्हसरूळ_बॅकएंड

नाही, तो जड आहे. नोंद साठवताना किंवा बदलताना एकदा चालवा, निकाल वेगळ्या कॉलममध्ये ठेवा आणि सोबत नियमांचा आवृत्ती-क्रमांक लिहा. परवानगीची यादी बदलली की क्रमांक वाढवा आणि जुन्या क्रमांकाच्या नोंदी क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाने) रात्री पुन्हा प्युरिफायरमधून काढा. प्युरिफायरला स्वतःच्या कॅशेसाठी लिहिता येणारी डिरेक्टरी लागते. शेअर्ड होस्टिंगवर ती मूळ जागी बहुधा मिळत नाही, म्हणून कॅशेचा मार्ग तुमच्या एखाद्या फोल्डरकडे वळवा, मात्र पब्लिक फोल्डरच्या बाहेर.

आणि टेस्टमध्ये या नोंदी कायमच्या घाला: `<१६ मिमी`, `< १६`, `>` नसलेला इमेज टॅग, ऑल्टमधला `>`, वर्डची कॉमेंट, दोनदा एस्केप झालेलं अँपरसँड, जॉइनरचा 'शेतकर्‍यांना', आणि एनबीएसपी लागून "पेठ" वर संपणारी ओळ.